मधला खांब

११ जानेवारी

आत्या,

नमस्कार. तू बरी असशील, सकाळी उन्हात बसून गुडघ्यांना तेल लावत असशील आणि माझ्यावरचा राग नीट घडी घालून ठेवला असशील, असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. लेकीची परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून ती रोज कपाट आवरते. तुझा जावई नेहमीसारखाच. काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणतो, आणि न विचारता तासभर बोलतो.

गेले काही दिवस तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. "गुडघे ताठ धरलेस तर पडशील."

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. तळमजल्यावर हॉल नव्हता. नुसती एक मोठी खोली होती आणि तिच्या बरोबर मधोमध खांब. तू सासर कायमचं सोडून परत आलीस त्याला फार दिवस झाले नव्हते. आजोबांनी तुला शिवणकाम शीक म्हणून सांगितलं होतं, आणि तू शिवणयंत्र भिंतीला सरकवून त्या खांबाभोवती आळीतल्या पाच-सहा मुलींना नाच शिकवायला लागली होतीस. त्यात मी सगळ्यात वाईट. गिरकी घेताना पडले ती थेट खांबावर. तू मला उचललंस, कपाळावर थंड वाटी दाबून धरलीस आणि ते वाक्य म्हणालीस. रागावून नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तसं. त्याच दिवशी माझं नाव पट्टी पडलं. मोजपट्टीसारखी ताठ, म्हणून.

संध्याकाळी बांधकामावरून आल्यावर बाबांनी माझं टेंगूळ पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं, आणि पुढच्या सुट्टीत तो खांब काढलाच. आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. तेव्हापासून आपल्याकडे कुणी पाहुणा आला की तू सांगायचीस, "आमच्या पट्टीनं कपाळानं खांब पाडला." मला किती तरी वर्षं ते खरंच वाटत होतं. शाळेत एका मुलीला मी त्या जोरावर धमकीही दिली होती.

आता कामाचं.

गेल्या महिन्यात भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा तुझ्याकडे दिवे हलले, फळीवरची भांडी वाजली आणि वरचे भाडेकरू मास्तर टॉवेलवर रस्त्यात आले, हे तू सगळ्यांना हसून सांगत होतीस. हॉलच्या छताखालच्या मोठ्या बीमला टोकाशी एक बारीक तिरकी भेग आलीय, हे मात्र तू कुणाला सांगितलं नाहीस. ती मी दुसऱ्या दिवशी येऊन पाहिली. आणि तुझा वर्ग भरलेला असताना, सगळ्यांसमोर, मुलींना बाहेर काढ असं तुला म्हणाले.

तू म्हणालीस, "हा हॉल माझ्या दादानं बांधलाय, तुझ्या कॉम्प्युटरनं नाही." आणि ठेका पुढे चालू केलास. मी चपला शोधत होते तेव्हा तुझ्या एका विद्यार्थिनीनं त्या मला पायानं सरकवून दिल्या, तीही ठेक्यात.

आत्या, जे बोलले ते मी मागे घेत नाही. जसं बोलले ते मागे घेते. चाळीस मुलींपुढे तुला तसं म्हणायला नको होतं.

पण मला ते घर मोजायचंय. नुसतं मोजायचंय. मी दुसऱ्यांच्या इमारतींचे हिशेब करून जगते. रुग्णालयाचा केला, शाळेचा केला, परवा एका चित्रपटगृहाचा केला. तू जिथे झोपतेस त्या घराचा अजून केलेला नाही. ही गोष्ट मला आता सहन होत नाही, एवढंच.

बाबा गेल्यावर तू मला विचारलं होतंस, 'शेवटच्या दिवसांत दादा माझ्याबद्दल काही बोलला का?' मी म्हणाले होते, औषधांची गुंगी असायची. ती होतीच. त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

मोजायला येऊ का, ते कळव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुला अक्षर तरी ओळखीचं वाटेल.

तुझी,
पट्टी


९ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार, आणि "ये. चपला बाहेर" या तुझ्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. ते मी जपून ठेवलंय. लेक म्हणाली, आजीनं तीन शब्दांत घरात घेतलंही आणि बाहेर उभंही केलं.

रविवारी आम्ही आलो तेव्हा तू खाली येणार नाहीस हे मला माहीत होतं. पण रेडिओ इतका मोठा लावशील असं वाटलं नव्हतं. जावई टेपचं एक टोक धरून उभा होता. मी आकडा ओरडले की तो दुसराच आकडा लिहायचा, कारण वरून बातम्या ऐकू येत होत्या. एका भिंतीच्या लांबीत तापमान लिहिलं गेलं. ते मी दुरुस्त केलंय.

तू वरून काही पाहिलं नाहीस, तर खाली काय केलं ते सांगते. आणि मी करते काय, हेही. इतकी वर्षं तू लोकांना सांगतेस की पट्टी भूकंपाचं काहीतरी बघते. जणू मी खिडकीत बसून वाट बघते.

आपल्याला वाटतं भूकंप बाहेरून येऊन घराला ढकलतो. तसं नसतं. जमीन एकदम बाजूला सरकते आणि घर आपल्या वजनामुळे मागे राहतं. गाडी झटक्यानं सुटली की उभा माणूस मागे जातो ना, तसं. त्याला कुणी ढकललेलं नसतं. म्हणून आमचं पहिलं काम म्हणजे घराचं वजन काढणं. स्लॅब, बीम, खांब, भिंती, माणसं आणि सामानाचा एक ठरलेला भाग. मास्तरांच्या पुस्तकांची कपाटं. गच्चीवरची पाण्याची टाकी. आणि तुझ्या कुंड्या. आत्या, तुझ्या कुंड्या वजनाच्या यादीत टाकीच्या खालोखाल आल्यात. जावयानं दोनदा मोजल्या, त्याला खरंच वाटेना.

वजन मिळालं की त्यातला किती हिस्सा आडवा लागेल ते ठरवायचं. आपला भाग किती हलणारा आहे, पाया मुरमात आहे की मऊ मातीत, घर एक हेलकावा किती वेळात घेतं, यावर ते असतं. मग तो आडवा जोर मजल्यांवर वाटायचा. वरच्या मजल्याला जास्त, खालच्याला कमी. पण प्रत्येक मजला आपला वाटा खालच्याच्या खांद्यावर देत येतो. गच्ची मास्तरांना देते, मास्तर तुला देतात, आणि शेवटी सगळी बेरीज तळमजल्याच्या खांबांना येते. तुझ्या हॉलला.

याशिवाय आमच्या हिशेबात एक भाजक असतो, आणि त्यासाठीच मी हे सगळं तुला लिहितेय. जे घर न तुटता वाकू शकतं, त्याच्यासाठी तो आडवा जोर मोठ्या आकड्यानं भागून कमी करायची मुभा असते. जे ताठ असतं, एकदम कडकन मोडेल असं असतं, त्याला ती सूट मिळत नाही. कॉलेजात हा भाजक पहिल्यांदा फळ्यावर आला तेव्हा वर्गातली पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती, आणि मी एकटी हसत होते. तुझं वाक्य होतं ते. त्याला आमच्याकडे आकडा आहे.

तुला हे आवडेल आणि तू म्हणशील, मग झालं तर, माझ्या हॉलचे गुडघे सैल आहेत. थांब. तू मुलींना नुसते गुडघे वाकवायला शिकवत नाहीस. घोटा, गुडघा, कंबर, तिन्ही थोडं थोडं वाकलं पाहिजे, असं म्हणतेस. वरचं सगळं अंग काठीसारखं ठेवून सगळा भार गुडघ्यावर टाकणाऱ्या मुलीला तू ओळीतून बाहेर काढतेस. आपलं घर ती मुलगी आहे. वरचे दोन मजले भिंतींनी गच्च भरलेले आणि खाली मोकळा हॉल. जे काही वाकायचं ते तळमजल्याच्या खांबांनीच. आणि त्यात मधला पाय नाही.

बाबांनी मधला खांब काढताना वरचं वजन तोलायला तो मोठा बीम घातला. त्यात एकही चूक काढता येणार नाही. मी काढून पाहिली. इतक्या वर्षांत तो केसभरही खाली झुकलेला नाही. घराचं वजन खाली जातं, त्याची सोय बाबांनी चोख केली. ते आडवंही जाऊ शकतं, त्याची सोय त्या काळी आपल्या गावात कुणी कुणाकडून मागत नव्हतं. पण वरचा खांब त्या बीमवर पाय टेकून उभा आहे, आणि खाली जमीन नाही. धक्का बसला की तो खांब बीमला कधी दाबतो, कधी उचलतो. ती भेग त्यानंच आलीय.

पूर्ण हिशेब अजून व्हायचाय. दोन आठवडे लागतील. तोवर एक परवानगी हवी.

आमच्याकडे एक यंत्र असतं. भिंतीवरून फिरवलं की आत लोखंडी सळी असेल तिथे वाजतं. त्यानं मी सगळे खांब तपासले. यंत्र हातातच होतं, म्हणून हॉल ओलांडताना जमिनीवरूनही नेलं. सहज. आणि ते बरोबर मधोमध वाजलं. जिथे तुझ्या मुली गिरकी सुरू करतात तिथे. मला वाटलं बिघडलं, म्हणून परत फिरवलं. परत वाजलं. हाताएवढ्या चौकोनात वाजतं, बाहेर गप्प होतं.

मला तिथली एक फरशी उचलायचीय. एकच. फरशीवाला ओळखीचा आहे. तो ती फरशी अख्खी काढून अख्खी बसवतो.

का, ते आत्ता विचारू नकोस. मलाही नक्की माहीत नाही. म्हणजे, थोडं माहीत आहे.

तुझी,
पट्टी


२ मार्च

आत्या,

हे पत्र जावई हातानं घेऊन येतोय. तुझं वाचून होईपर्यंत तो तिथेच बसेल. त्याला चहा देऊ नकोस, निघताना पिऊन आलाय. खुर्ची दे, म्हणजे झालं.

"फरशी तुटली तर नवी तुझ्या डोक्यावर बसवीन" असं तू लिहिलं होतंस. तुटली नाही. तू परवा संध्याकाळी हॉलमध्ये येऊन ती पायानं दाबून पाहिलीस, हे मला मास्तरांकडून कळलं. हलत नाही, हे तुला पटलं असेल. खाली काय मिळालं ते विचारायला मात्र तू मास्तरांनाही पाठवलं नाहीस. मला वाटतं, मी जे सांगणार आहे त्यातलं थोडं तुलाही माहीत होतं. माझ्यासारखंच.

आधी हिशेब. तो पूर्ण झालाय. मी एकदा केला, मग कागद उलटे ठेवून पहिल्यापासून पुन्हा केला, मग माझ्याशी कायम भांडणाऱ्या कार्यालयातल्या बाईंना दिला. त्या माझ्या चुका शोधायला सणासारख्या नटून येतात. त्यांनी एकही खूण न करता परत दिला. मी स्वतःवर संशय घ्यायची जेवढी सोय होती तेवढी सगळी वापरली, आत्या. आता मला खात्री आहे. आपल्या भागात जेवढा धक्का धरायला सांगतात, तेवढा बसला तर हॉलचे कडेचे खांब वरच्या टोकाला मोडतील. वरचे दोन मजले फारसे बिघडणार नाहीत. ते फक्त खाली येतील. तुझ्या हॉलच्या जागी.

तो धक्का उद्या येईल असं मी म्हणत नाही. आपल्या आयुष्यात येईल असंही म्हणत नाही. कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर उद्या आणि दहा वर्षांनी यात मला काही फरक करता येत नाही.

आता फरशीबद्दल.

खाली वाळू होती, वाळूखाली कच्चं, अगदी कमी सिमेंटचं काँक्रीट. फरशीवाल्यानं हातोडी उचललीही नाही, टाचेनंच फुटलं. त्याखाली प्लास्टिक. त्याखाली ग्रीस लावलेलं गोणपाट, दोरीनं बांधलेलं. आणि गोणपाटात मधल्या खांबाचा बुंधा, मुळापासून उखडलेला नाही, वरून नीट छाटलेला. चारही कोपऱ्यांच्या सळ्या आतल्या बाजूला वाकवून ठेवलेल्या. गंज नावालाही नाही.

बांधकामातली माणसं गच्चीवर सळ्या सोडतात, हे तू पाहिलंयस. पुढे कधी मजला चढवायचा झाला तर जोडायला. कुणी म्हणेल, बाबांना तीच सवय, खांब मुळापासून कापायला हात धजला नसेल. मीही आधी तेच म्हणून पाहिलं. पण गच्चीवरच्या सळ्या उघड्या असतात, गंजून जातात, लोक त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. त्या कुणी ग्रीस लावून गुंडाळून ठेवत नाही. हे पुढे लागेल म्हणून ठेवलेलं होतं.

आता जे टाळत आले ते.

शेवटच्या आठवड्यात बाबा एकच गोष्ट बोलायचे. डोळे मिटून, पण स्पष्ट. "तिचा खांब ठेवलाय." मी विचारायचे, कुणाचा, कुठे? ते पुन्हा तेवढंच म्हणायचे. नर्स म्हणाली, औषधांमुळे होतं असं. मला वाटलं लहानपणीचं काहीतरी असेल. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं नाही, कारण 'तिचा' म्हणजे तुझा हे मला कळलं होतं आणि खांबाचं काही कळलं नव्हतं. तुझ्यापाशी अर्धं वाक्य घेऊन कसं यायचं? बीमची भेग पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. म्हणून मी त्या दिवशी तशी बोलले.

अजून एक आठवलं. मी इंजिनिअर होऊन पहिल्यांदा भूकंपाचा हिशेब करून बाबांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "आणि मधलाच एखादा पाय नसला तर?" मला वाटलं परीक्षा घेताहेत. मी फुशारकीनं म्हणाले, "मग ते घर घर नाही, बाबा, टेबल आहे." ते "हं" म्हणाले आणि बागेला पाणी घालायला गेले. पाऊस पडून गेला होता तरी.

त्यांना कळत होतं, आत्या. खांब काढला तेव्हा थोडं, नंतर पुरतं. मग बोलले का नाहीत, याचा मी खूप विचार केला. आणि मला कायम एकच दिसतं. आजोबांचा विरोध पत्करून, एका उन्हाळ्यात, परत आलेल्या बहिणीला त्यांनी एक मोकळी खोली दिली आणि म्हणाले, नाच. दिलेलं परत कसं मागायचं? एकदा का मधे खांब उभा केला की आजोबांचंच खरं झालं असतं. जे कळत होतं ते त्यांनी तुझ्यासाठी मनातच अडवून धरलं. मला त्यांचा राग येत नाही. तुलाही येऊ नये, असं वाटतं. येईल, तर माझ्यावर काढ, मी जिवंत आहे.

खांब परत उभा करावा लागेल.

दुसरं काही निघतं का ते मी पाहिलं. तुझ्यासाठी पाहिलं, माझ्यासाठी कुणी इतकं पाहणार नाही. सगळ्या खिडक्या बुजवून काँक्रीटच्या भिंती घातल्या, तर आकडे जेमतेम बसतात. पण वरचा खांब अधांतरीच राहतो. त्या कागदावर मी सही करणार नाही, आणि दुसऱ्या कुणी केली तर मी त्याच्या दारात जाईन. त्यापेक्षा एक खांब आणि रस्त्याकडच्या दोन कोपऱ्यांत दोन लहान भिंती. पूर्वेच्या तुझ्या खिडकीला हात लागणार नाही. बाबांचा पाया शाबूत आहे, मी खणून पाहिला. त्यांच्या सळ्यांवर सगळा भार टाकणार नाही, वय झालं त्यांचं. शेजारी नव्या सळ्या खोलवर रोवून घेईन. पण त्यांच्या काढणार नाही. नव्यांच्या सोबतीला राहतील.

आणि खांब गोल करीन. जाड होईल, पण कोपरा नसेल. एखादी पट्टी आपटलीच तर टेंगूळ येईल, खोक पडणार नाही.

मुलींनी खांबाभोवती कसं नाचायचं ते मी तुला सांगणार नाही. तू पाच-सहा जणींना शिकवलंयस तसं, ते मी पाहिलंय. मी त्यात होते.

काम चार महिने चालेल. तुला आमच्याकडची पुढची खोली. मास्तर त्यांच्या मुलाकडे जायला तयार आहेत, त्यांनी तुझ्याआधी पुस्तकं बांधायलाही घेतलीयत. रस्त्यापलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका संध्याकाळी सभागृह द्यायला तयार आहेत. जमीन गुळगुळीत आहे, तू नावं ठेवशील. ठेव. ती जमीन वर दोन मजले घेऊन उभी नाही. कुंड्या गच्चीवरून अंगणात उतरवायला जावई येणार आहे, आणि त्या परत वर जाणार नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवते.

हे सगळं तू मान्य करशील, असं मला वाटतं. आज नाही. आठवडाभर मला शिव्या देशील, मास्तरांना माझ्याविरुद्ध फितवायला बघशील, मग एक दिवस तीन शब्दांची चिठ्ठी येईल. तुझ्या भावानं ठेवलेला खांब तू परत जमिनीत गाडणार नाहीस. एवढं मी तुला ओळखते.

पण मला जे मागायचंय ते त्याच्या आधीचं आहे.

बाबा गेले त्या संध्याकाळीही तू वर्ग घेतलास. लोक भेटायला आले होते, आणि खालून ठेका ऐकू येत होता. कुणी नावं ठेवली, कुणी म्हणालं दुःखानं भान नाही. मी जिन्यात बसले होते. तू एका मुलीला म्हणालीस, "पुन्हा. पहिल्यापासून." आवाज अजिबात हलला नव्हता. तेव्हा मला कळलं की तू कधीही, कशासाठीही, वर्ग बंद ठेवणार नाहीस. आजारपणात ठेवला नाहीस, त्या धक्क्याच्या दुसऱ्या दिवशीही ठेवला नाहीस.

उद्याचा वर्ग घेऊ नकोस, आत्या. उद्या सकाळी टेकू लावायला माणसं येतील. ते लागेपर्यंत आणि खांब उभा राहीपर्यंत हॉलला कुलूप राहू दे. किल्ली जावयाकडे दे. ती तू पदराच्या गाठीतून कुणाला काढून दिलेली मी कधी पाहिलेली नाही. तो रिकाम्या हातानं परत येईल, हे गृहीत धरूनच मी त्याला पाठवलंय.

म्हणून उद्या मुली यायच्या आधी मी हॉलच्या दारात असेन. चपला बाहेर काढून, गुडघे सैल ठेवून. ओरडणार नाही, मुलींसमोर काही बोलणार नाही. फक्त हात पुढे करीन.

किल्ली दे मला. नाही म्हणायचं असेल तर तिथे, माझ्याकडे बघून म्हण.

तुझी आणि तुझ्या दादाची,
पट्टी